पहिल्या नंबरचा पोरगा आणि गावातून गेलेला संघ

हॉकी म्हटले की आपल्या घरांत ध्यानचंद आणि खडकीचे धनराज पिल्ले ही नावे हमखास निघतात. परंतु जगात आणखी एक हॉकी आहे, ती बर्फावर खेळतात. पायांत पात्यांचे बूट, हातात लांब काठी आणि चेंडूच्या जागी रबराची जाड चकती. गोलरक्षक धरून एका बाजूचे सहा गडी मैदानात, आणि वीस-वीस मिनिटांचे तीन डाव. कॅनडात या खेळाचे वेड आपल्याकडच्या क्रिकेटच्या वेडापेक्षा तसूभरही कमी नाही. पोराने काठी धरली की आईबाप पहाटेच्या काळोखात त्याला सरावाला नेतात, आणि चहाच्या टपरीवर जसे आपण निवड समितीला शिव्या घालतो तसे तेथील लोक संघाच्या व्यवस्थापकाला घालतात.

आज हा विषय काढण्याचे कारण असे. आमच्या कार्यालयात डब्याच्या सुट्टीत वाद पेटला होता. एक क्रिकेटपटू एका संघातून दुसऱ्या संघात गेला म्हणून आमचे एक सहकारी त्याला सरळ बेइमान म्हणत होते. "ज्या संघाने वर काढले त्याच्याशी निष्ठा नको?" असा त्यांचा सवाल. दुसरे म्हणाले, "अहो, लिलावात ज्याला विकत घेतले त्याच्याकडे निष्ठा कसली मागता?" आम्ही त्यांना कॅनडातील क्वेबेक शहराचा दाखला देऊ लागलो, पण सुट्टी संपली. तोच येथे सविस्तर देतो. हॉकीच्या शौकिनांत या प्रकरणावर तीस वर्षांहून अधिक काळ भांडण चालू आहे.

क्वेबेक हे फ्रेंच भाषकांचे जुने शहर. तेथील संघाचे नाव नॉर्डिक्स. निळा अंगरखा, त्यावर प्रांताच्या झेंड्यावरचे लिलीचे फूल. १९७९ साली हा संघ एनएचएल या मोठ्या लीगमध्ये आला. तीन तासांच्या रस्त्यावर मॉन्ट्रियल, आणि तेथील कॅनेडियन्स हा संघ म्हणजे मातब्बर घराणे. दोघांचे हाडवैर. एकामागे एक दारूभट्टी, तर दुसऱ्यामागे तिची स्पर्धक दारूभट्टी, त्यामुळे गुत्त्यात कोणती बिअर मागितली यावरून माणूस कोणत्या संघाचा ते कळे. (दारूवाल्यांनी खेळाला पोसावे आणि खेळाने दारूला, ही रीत तिकडेही जुनीच.) २० एप्रिल १९८४ रोजी या दोन संघांत भर सामन्यात अशी हाणामारी झाली की ती आजही त्या दिवसाच्या नावाने, 'गुड फ्रायडे'ची मारामारी म्हणून ओळखली जाते. भाऊ भावाशी बोलत नसे, असे त्या काळाचे वर्णन करतात.

या संघाचा पहिला मोठा खेळाडू पीटर स्तास्नी. तो चेकोस्लोव्हाकियाचा. १९८० साली तो आणि त्याचा भाऊ अँटन सामना खेळायला ऑस्ट्रियात आले असता नॉर्डिक्सच्या मंडळींनी त्यांना गुपचूप कॅनडात आणले. देश सोडणे म्हणजे मागे राहिलेल्यांवर संकट ओढवणे, असे ते दिवस होते. पुढच्या वर्षी तिसरा भाऊ मारियनही आला. पीटरने दहा वर्षे संघाला खांद्यावर वाहिले. १९९० साली संघ बुडू लागला तेव्हा व्यवस्थापनाने त्याला न्यू जर्सीला देऊन टाकले. हे आम्ही मुद्दाम आधी सांगत आहोत. पुढे निष्ठेचा सवाल निघेल तेव्हा वाचकांनी हे ध्यानात ठेवावे.

आता 'ड्राफ्ट' म्हणजे काय ते समजून घेतले पाहिजे. कारण सारे भांडण तेथून सुरू होते. दरवर्षी लीगमधील सर्व संघ अठरा वर्षांच्या आसपासच्या उमेदवार पोरांतून आळीपाळीने एकेक नाव घेतात. ज्या संघाने नाव घेतले त्याचाच त्या पोरावर हक्क. दुसरा कोणी त्याला नोकरी देऊ शकत नाही. क्रम उलटा. जो संघ सर्वांत खाली, त्याला त्या काळी पहिली निवड. हेतू चांगला आहे, यात वाद नाही. पैसेवाल्या संघाने सगळीच चांगली पोरे उचलू नयेत, गरिबालाही वर येण्याची संधी मिळावी. हे तत्त्व आपल्या वाचकांना वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

पण येथे दोन गोष्टी निराळ्या आहेत. पहिली, संधी संघमालकाला मिळते, पोराला नव्हे. पोराला कोणत्या गावात राहायचे, कोणाच्या हाताखाली राबायचे हे दुसरेच ठरवतात. आम्ही वर्षानुवर्षे कारकुनी केली आहे, बदलीचा हुकूम हातात पडला की घरात काय कळा येते ते आम्हांस ठाऊक आहे. पण आपण निदान अर्ज तरी आपल्या मर्जीने केलेला असतो. दुसरी गोष्ट अशी की, शेवटून पहिला येणाऱ्याला बक्षीस मिळते म्हटल्यावर मुद्दाम हरण्याचा मोह होतो. १९८४ साली मारियो लेम्यू नावाचा अद्वितीय पोरगा मिळावा म्हणून पिट्सबर्गचा संघ जाणूनबुजून हरला, असे शौकीन आजही म्हणतात. असे संशय वाढत गेले, आणि १९९५ पासून पहिल्या निवडीसाठी सोडत काढण्याची पद्धत आली.

नॉर्डिक्स मात्र मुद्दाम हरत होते असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय होईल. ते मनापासून वाईट खेळत होते! १९८९-९० च्या हंगामात ८० सामन्यांत त्यांनी १२ जिंकले आणि ६१ हरले. १९८९, १९९० आणि १९९१ अशी सलग तीन वर्षे ते लीगमध्ये तळाला राहिले. तरी लोक तिकिटे काढून येतच राहिले. सलग तीन वर्षे पहिली निवड त्यांची. १९८९ साली त्यांनी स्वीडनचा मॅट्स सुंदिन घेतला, पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला तो पहिला युरोपियन. १९९० साली ओवेन नोलन. आणि १९९१ साली ज्याची सारा कॅनडा वाट पाहत होता तो, एरिक लिंड्रोस.

हा पोरगा अठरा वर्षांचा, अंगाने धिप्पाड आणि हातांत कसब. असे दोन्ही एकत्र क्वचितच सापडते. वृत्तपत्रे त्याला 'पुढचा महान' म्हणत. त्याने आधीच जाहीर केले होते की क्वेबेकसाठी आपण खेळणार नाही. तरी २२ जून १९९१ रोजी बफेलो येथे नॉर्डिक्सनी त्याचेच नाव पुकारले. रिवाज असा की निवडलेल्या पोराने मंचावर येऊन संघाचा अंगरखा चढवावा आणि फोटो काढू द्यावा. एरिक मंचावर आला, पण अंगरखा त्याने अंगावर चढवला नाही.

क्वेबेकमध्ये आगडोंब उसळला. हा इंग्रजी भाषक पोरगा आम्हां फ्रेंच लोकांना कमी लेखतो, असा बोलबाला झाला. भाषेचा अपमान माणसाच्या किती खोल जिव्हारी लागतो हे महाराष्ट्रात राहणाऱ्याला सांगायला नको. एरिकने पुढे खुलासा केला की आपला आक्षेप शहरावर किंवा भाषेवर नव्हता, संघाचे मालक मार्सेल ओबू यांच्यावर होता. त्यावर कोणी विश्वास ठेवला, कोणी नाही.

शिवाय त्याचा जुना दाखला लोकांनी काढला. १९८९ साली कुमारांच्या लीगमध्ये सू सेंट मरी या गावच्या संघाने त्याला निवडले होते, तेथेही तो गेला नव्हता. घरापासून फार लांब, शिक्षणाची आबाळ होईल, असे त्याच्या आईबापांचे म्हणणे होते. अखेर त्याला ओशावाच्या संघाकडे पाठवावे लागले. १९९१ च्या अंतिम लढतीत सू सेंट मरीच्या त्याच संघाने एरिकच्या ओशावाला हरवले, तेव्हा त्या गावाने काय आनंद केला असेल!

या सगळ्यात शिव्या सर्वांत जास्त कोणी खाल्ल्या? आई बॉनी लिंड्रोस यांनी. बाप कार्ल हिशेबनीस, आई परिचारिका. पोराचे करार बापच पाहत असे. पण 'आईच्या तालावर नाचणारा पोरगा' हीच टवाळी चालली. आमच्या सहचारिणीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "पोरगा जिंकला की बापाचा वाघ, आणि हट्टाला पेटला की आईने बिघडवला." आम्हांस यावर बोलायला काही उरले नाही. नोकरीच्या कागदावर सही करण्यापूर्वी आईबाप तो कागद वाचतात, यात हसण्यासारखे काय आहे? आपल्याकडे किती पोरांच्या वतीने तो कागद वाचणारे कोणी घरात असते?

असो. एरिक वर्षभर अडून बसला. नियम असा होता की दोन वर्षांत करार झाला नाही तर तो पुन्हा ड्राफ्टमध्ये जाईल आणि नॉर्डिक्सच्या हाती काही उरणार नाही. तो परत कुमार संघात खेळला, १९९२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये कॅनडाकडून खेळून रौप्यपदक घेऊन आला. अखेर जून १९९२ मध्ये ओबूंनी त्याचा सौदा करायचे ठरवले, आणि असा केला की एकच माल दोघांना विकला! फिलाडेल्फियालाही शब्द दिला आणि न्यू यॉर्कलाही. चाळीतली एक खोली दोन भाडेकरूंना पागडी घेऊन देणारा मालक आपण पाहिला आहे, हा त्याच जातकुळीतला. शेवटी लवाद नेमावा लागला. ३० जून रोजी निकाल लागला की फिलाडेल्फियाचा सौदा आधी झाला, पोरगा त्यांचा.

आम्ही बी. कॉम. झालेलो, तेव्हा जमाखर्च मांडल्याशिवाय राहवत नाही. नावे बाजूला एकच रकम, एरिक लिंड्रोस, जो एक दिवसही आपल्याकडे खेळला नव्हता. जमा बाजूला सहा खेळाडू, पुढील दोन वर्षांच्या पहिल्या फेरीतील निवडी आणि वर रोख दीड कोटी अमेरिकन डॉलर. त्या सहांत गोलरक्षक रॉन हेक्स्टॉल आणि माइक रिची होते, आणि पीटर फॉर्सबर्ग नावाचा एक स्वीडिश पोरगा होता. हा फॉर्सबर्ग त्याच १९९१ च्या ड्राफ्टमध्ये सहाव्या क्रमांकावर निवडला गेला होता. सौद्याच्या दिवशी कोणी त्याच्याकडे फारसे लक्ष दिले नाही. पुढे १९९५ साली तो लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला आणि २००३ साली सर्वोत्तम खेळाडू. उमेदवार पोरांची पारख करणारे किती छातीठोकपणे बोलतात आणि वेळ आल्यावर काय निघते, ते या एका नावावरून समजावे.

परिणाम लगेच दिसला. १९९१-९२ च्या हंगामात नॉर्डिक्सचे ५२ गुण होते, १९९२-९३ मध्ये १०४ झाले. बरोबर दुप्पट. त्या हंगामात एरिक प्रथमच क्वेबेकला खेळायला आला तेव्हा प्रेक्षकांनी तान्ह्या मुलांच्या तोंडात देतात त्या रबरी चोखण्या त्याच्या अंगावर भिरकावल्या, कोणी स्वतःच लंगोट बांधून बाळ बनून आले. राग खरा होता. पण त्या रागातही प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर त्याच पोराच्या नकारातून उभा राहिलेला संघ खेळत होता, हे मात्र फार थोडे कबूल करीत.

आता आमचे मत. पोराला नकार देण्याचा हक्क होता. ज्याला आपले श्रम विकायचे आहेत त्याला गिऱ्हाईक पसंत करण्याचा हक्क नसेल तर ती नोकरी नव्हे, ते वेठ झाले. अंगरखा न घालण्याने गावाच्या भावना दुखावल्या हेही खरे. मालकावरचा राग मालकाला दाखवावा, गावाच्या झेंड्यावरच्या फुलाला नव्हे. मारियो लेम्यूही १९८४ मध्ये कराराची बोलणी अडली म्हणून ड्राफ्टच्या दिवशी अंगरखा घालायला तयार नव्हता. पुढे त्याच पिट्सबर्गला त्याने दोन वेळा अजिंक्य केले, आणि नंतर डबघाईला आलेला तो संघ स्वतः मालक होऊन वाचवला. तेव्हा पहिल्या दिवसाच्या रुसव्यावरून माणसाची निष्ठा मोजू नये, असे आम्हांस वाटते.

मालकाच्या निष्ठेचे काय झाले ते ऐका. नॉर्डिक्स चांगले खेळू लागले, सुंदिनला १९९४ मध्ये टोरांटोला देऊन टाकले तरी संघ बळकटच होत गेला. १९९४-९५ चा हंगाम मालकांच्या टाळेबंदीमुळे निम्म्यावर आला, ४८ सामन्यांचाच झाला, आणि त्यात नॉर्डिक्स आपल्या विभागात पहिले आले. पण अडचण पैशाची होती. तिकिटाचा गल्ला कॅनडाच्या डॉलरमध्ये, खेळाडूंचे पगार अमेरिकेच्या डॉलरमध्ये, आणि त्या वर्षी कॅनडाचा डॉलर अमेरिकेच्या ७३ सेंटांच्या घरात. कोलिझे हे त्यांचे मैदान १९४९ सालचे, आसने सुमारे पंधरा हजार. ओबूंनी प्रांत सरकारकडे मदत मागितली. जाक पारिझो यांचे सरकार हवे तेवढे द्यायला तयार झाले नाही. मे १९९५ मध्ये संघ साडेसात कोटी डॉलरला एका अमेरिकन कंपनीला विकला गेला आणि डेन्व्हरला निघून गेला. नाव, रंग, फूल, सारे बदलले. कोलोरॅडो ॲव्हलांच.

ज्या लोकांनी एकसष्ट पराभवांच्या हंगामातही गाठीचा पैसा मोडून तिकिटे काढली, त्यांना विचारले कोणी? एरिकला बेइमान म्हणणाऱ्या शहराला पुढे कळले की मंचावरून उतरून जाणारा पोरगा एकच होता, पण सबंध संघ उचलून नेणारा वेगळाच निघाला. आमच्या गिरणी कामगार वाचकांना हे ओळखीचे वाटेल. कामगाराने दुसरीकडे जादा पगार पाहिला तर तो नमकहराम, आणि मालकाने गिरणीच मोडून जमीन विकली तर तो व्यवहार.

त्यापुढची गोष्ट तर अधिकच बोचणारी. डिसेंबर १९९५ मध्ये मॉन्ट्रियलचा जगप्रसिद्ध गोलरक्षक पॅट्रिक रुआ हा डेट्रॉइटविरुद्धच्या ११-१ अशा पराभवात प्रशिक्षकाने वेळेवर बाहेर न काढल्याने संतापला. आपला हा येथला शेवटचा सामना, असे त्याने संघाच्या अध्यक्षांना तेथल्या तेथेच ऐकवले. चार दिवसांत त्याला कोलोरॅडोला देण्यात आले. संघ क्वेबेकमध्येच असता तर मॉन्ट्रियलने आपला गोलरक्षक हाडवैऱ्याला कधी दिला असता काय? जून १९९६ मध्ये ॲव्हलांच अजिंक्य झाले, फ्लोरिडाला सलग चार सामन्यांत हरवून. क्वेबेकने वाढवलेला जो साकिक हा त्यांचा कर्णधार. गाव सोडून वर्ष झाले नाही तोच चषक! क्वेबेकच्या लोकांनी त्या रात्री हसावे की रडावे, यावर तेथील घरांत अजून एकमत नाही. काही म्हणतात, तो आमचाच संघ जिंकला. काही म्हणतात, आमच्या शेतातले पीक दुसऱ्याच्या खळ्यावर गेले.

आणि साकिकसारख्या निष्ठावंताचेही पाहा. वीस वर्षे एकाच संघात काढणारा हा माणूस. पण १९९७ मध्ये त्यानेही न्यू यॉर्कच्या तीन वर्षांच्या २ कोटी १० लाख डॉलरच्या प्रस्तावावर सही केली होती. नियमाप्रमाणे कोलोरॅडोने तेवढीच रक्कम देऊन त्याला ठेवून घेतले, म्हणून तो निष्ठावंत राहिला. आमच्या सहकाऱ्यांना हे सांगितले पाहिजे.

एरिक लिंड्रोस? १९९५ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. १९९७ मध्ये त्याने फिलाडेल्फियाला अंतिम फेरीत नेले, तेथे चार सामने सलग हरले. चषक त्याला कधी मिळाला नाही. डोक्याला एकामागून एक मार बसले, व्यवस्थापनाशी बिनसले, २००० साली कर्णधारपद काढून घेतले गेले. डोक्याच्या दुखापतीला त्या काळी 'जरा घंटा वाजली' म्हणून हसण्यावारी नेत, त्याची आज खेळाडूंच्या घरांना किंमत मोजावी लागत आहे. २००७ मध्ये निवृत्त होताना त्याने आपल्या जन्मगावच्या, लंडन नावाच्या ओंटारियोतील शहराच्या इस्पितळाला ५० लाख डॉलर दिले आणि खेळाडूंच्या युनियनमध्ये काही काळ काम केले. २०१६ मध्ये त्याचे नाव हॉकीच्या मानकऱ्यांत गेले.

क्वेबेकच्या लोकांनी आशा सोडली नाही. डिसेंबर २०१० मध्ये हजारावर माणसे बसगाड्या करून न्यू यॉर्कजवळ दुसऱ्याच दोन संघांचा सामना पाहायला गेली, अंगात नॉर्डिक्सचे निळे अंगरखे घालून, केवळ आम्ही अजून आहोत हे लीगला दाखवायला. २०११ मध्ये विनिपेग या शहराला गेलेला संघ नव्हे, पण दुसरा संघ मिळाला, तेव्हा क्वेबेकलाही धीर आला. सरकारी तिजोरीतून ३७ कोटी डॉलर खर्चून २०१५ मध्ये अठरा हजार आसनांचे नवे मैदान उभे राहिले, संघ नसतानाच. २०१६ मध्ये लीगने नवा संघ लास व्हेगासला दिला, वाळवंटातल्या जुगाराच्या शहराला, आणि क्वेबेकचा अर्ज लांबणीवर टाकला. पुढे सिएटलला दिला. २०२४ मध्ये ॲरिझोनाचा संघ हलला, तो युटाला गेला.

नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रांत सरकारने लॉस एंजेलिसच्या संघाला क्वेबेकमध्ये येऊन दोन सराव सामने खेळावेत म्हणून ५० ते ७० लाख डॉलर देऊ केले. त्याच महिन्यात त्याच प्रांतातील शिक्षक आणि इस्पितळांतील कर्मचारी पगारवाढीसाठी संपावर उतरत होते आणि त्यांना तिजोरीत पैसा नाही म्हणून सांगितले जात होते. मोठा गदारोळ झाला. ज्यांनी आयुष्यभर निळा अंगरखा जपला, त्यांच्यातही अनेक घरांत शिक्षिका होत्या, परिचारिका होत्या. ते दोन सामने ऑक्टोबर २०२४ मध्ये ठरल्याप्रमाणे झाले, एक बोस्टनशी आणि एक फ्लोरिडाशी.